गाडीत गिरणी सुरू आहे का? स्पोर्ट्स कारसाठी कमी आवाजाचे टायर निवडताना

रविवारी सकाळी सांगलीला आईला फोन लावायचा, हा जर्मनीत आल्यापासूनचा माझा नियम. घरी नसलो तर गाडीतून, ब्लूटूथवर. मागच्या मे महिन्यात स्टुटगार्टहून म्युनिककडे निघालो होतो, ए८ हायवेवर ताशी १२० चा वेग. आई पलीकडून म्हणाली, "अरे, पिठाच्या गिरणीत थांबलायस का? काही ऐकू येत नाही बघ."

गिरणी नव्हती, टायर होते. गाडी महिन्याभरापूर्वीच घेतलेली, त्यामुळे मला त्या घरघरीची सवय व्हायला लागली होती. आईने एका वाक्यात ती मोडली. त्यानंतर दोन महिने मी टायर या विषयात असा काही बुडालो की बायको म्हणाली, आता टायरचं दुकानच टाक. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल, व्हर्टस किंवा आय२० एन लाइन असेल, किंवा घरात नवी ईव्ही आली असेल, तरी यातलं बरंचसं लागू पडेल. ईव्हीत तर इंजिनाचा आवाजच नसतो, त्यामुळे टायर जास्तच जाणवतात.

माझी गाडी म्हणजे टोयोटा जीटी८६, २०१५ चं मॉडेल, सेकंड हँड. 'इनिशियल डी' बघितलेल्यांना ८६ या आकड्याचं महत्त्व सांगायला नको. भारतात ही गाडी विक्रीला आलीच नाही. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना आणि वजन साधारण साडेबाराशे किलो. वजन कमी ठेवायचं तर आवाज अडवणारं अस्तरही कमीच घालावं लागतं. गंमत म्हणजे इंजिनाचा आवाज केबिनमध्ये ऐकू यावा म्हणून टोयोटाने यात खास एक नळी बसवली आहे. म्हणजे इंजिनाच्या आवाजाला आमंत्रण देऊन बोलावलंय, टायरचा आवाज मात्र न बोलावता येऊन बसलाय.

आणखी एक गंमत. ही गाडी कारखान्यातून बहुतेक देशांत मिशलिन प्रायमसी एचपी टायरवर यायची. साइझ २१५/४५ आर१७. हाच टायर टोयोटाच्या काही प्रियसवरही असायचा. स्पोर्ट्स कारला प्रियसचे टायर! हे मुद्दाम केलं होतं, कारण पकड जरा कमी असली की कमी वेगातही गाडीचा मागचा भाग थोडा सरकतो आणि चालवायला मजा येते. थोडक्यात, कंपनीचे मूळ टायर शांत जातीचेच होते. माझ्या आधीच्या मालकाने ते काढून कडक, मोठ्या ठोकळ्यांची नक्षी असलेले स्पोर्टी टायर घातले होते. दिसायला एकदम भारी. आवाजाचं तुम्हाला आईने सांगितलंच.

आधी बघा, आवाज टायरचाच आहे का?

मी पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये गेलो. त्यांनी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि सांगितलं, मागचं व्हील बेअरिंग गेलंय, दोन्ही बाजूंचं बदलून टाका. अंदाजे खर्च ऐकून मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि निघालो. बरं झालं.

बेअरिंग आणि खराब झिजलेला टायर यांचा आवाज खरंच सारखा असतो. दोन्ही घरघरतात, दोन्ही वेगाबरोबर वाढतात. फरक ओळखायचे सोपे मार्ग मात्र आहेत. रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो. खडबडीत डांबरावरून नव्या गुळगुळीत डांबरावर आलात आणि घरघर निम्मी झाली, तर संशय टायरवर. बेअरिंगला रस्त्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याचा आवाज वळणावर बदलतो, कारण वळताना गाडीचा भार एका बाजूच्या चाकांवर जातो. लांबलचक वळण घेताना एका बाजूला आवाज वाढतो आणि दुसरीकडे वळताना कमी होतो, असं होत असेल तर बेअरिंग दाखवून घ्या आणि त्यात उशीर करू नका.

माझ्या गाडीत वळणावर काहीच बदलत नव्हतं. मग गाडी थांबवून मागच्या टायरवरून हात फिरवला. एकदा पुढच्या दिशेने, एकदा मागच्या. एका दिशेने हात गुळगुळीत गेला, उलट फिरवल्यावर करवतीच्या दातांसारखं टोचलं. जर्मन लोक याला 'झेगेत्सान' म्हणतात, म्हणजे करवतीचा दात. नक्षीतला प्रत्येक ठोकळा एका कडेला जास्त झिजतो आणि दुसरी कड उभी राहते. ती कड दर फेरीला रस्त्यावर आपटते. अलाइनमेंट बिघडलेलं असणं, हवा चुकीची असणं, टायर पुढे-मागे न बदलणं, ही त्याची नेहमीची कारणं. हात फिरवायची ही टेस्ट फुकट आहे, गाडी घेताना तर जरूर करा. (सायलेन्सर आणि ब्रेक डिस्कपासून हात लांब ठेवा. मी ठेवला नव्हता.)

त्याच वेळी टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३२१७ असेल तर टायर २०१७ च्या ३२ व्या आठवड्यातला. रबर जुनं झालं की कडक होतं, आणि कडक रबर आवाजही जास्त करतं आणि पावसात घसरतंही जास्त. माझे आठ वर्षांचे निघाले.

फोनने आवाज मोजायचा, पण जपून

आता तुमच्या आवडीचा भाग. जर्मनीतल्या आखेन शहरात आरडब्ल्यूटीएच नावाचं तंत्र विद्यापीठ आहे. तिथल्या लोकांनी फायफॉक्स नावाचं मोफत ॲप बनवलंय, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी. फोनमधले सेन्सर वापरून भौतिकशास्त्राचे प्रयोग करायचं हे ॲप आहे. त्यात आवाजाची पातळी मोजता येते आणि आवाजाचा स्पेक्ट्रमही दिसतो, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख.

एक गोष्ट आधीच सांगतो. फोन दाखवतो ते डेसिबल खरे धरू नका. प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यामुळे माझ्या फोनवरचे ७४ आणि तुमच्या फोनवरचे ७४ यांची तुलना होऊ शकत नाही. तोच फोन, गाडीत तीच जागा, तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, एसीचा पंखा बंद. मग आधी किती आणि नंतर किती, एवढीच तुलना कामाची. आणि फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही. आमच्याकडे हे खातं बायकोकडे आहे.

खरी मजा स्पेक्ट्रममध्ये आहे. टायरचे आवाज मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला नक्षीचा. ठोकळे रस्त्यावर आपटतात, आणि खाचांमधली हवा दाबली जाऊन सुटते, तिचा फुत्कार होतो. माझ्या टायरचा व्यास साधारण ६२.५ सेंटिमीटर, म्हणजे घेर १.९६ मीटर. ताशी १०० च्या वेगाला चाक सेकंदाला १४ वेळा फिरतं. टायरच्या घेरावर ६५ ठोकळे धरले तर सेकंदाला ९०० च्या वर आपटण्या. म्हणून टायरच्या आवाजाचा जोर १००० हर्ट्‌झच्या आसपास असतो. कान तिथे चांगलेच तिखट असतात आणि माणसाच्या बोलण्याचाही मोठा भाग त्याच पट्ट्यात येतो. आईला माझं बोलणं का कळत नव्हतं, ते इथे समजलं. टायर कंपन्या यावर उपाय म्हणून सगळे ठोकळे एकाच लांबीचे ठेवत नाहीत, लहान-मोठे मिसळतात. त्यामुळे एकच सूर लागत नाही, आवाज पसरतो आणि कानाला कमी टोचतो.

दुसरा आवाज टायरच्या पोटातल्या हवेचा. रिम आणि टायर यांच्यामध्ये हवेचं गोल कडं असतं. खडबडीत रस्त्यावर ते बासरीतल्या हवेसारखं घुमतं. माझ्या साइझला हिशोब केला तर हा सूर २०० हर्ट्‌झच्या जवळपास येतो. खड्डा किंवा सांधा आला की 'डुंग' असा जो पोकळ आवाज होतो, तो हाच.

दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? ताशी ६० ला एकदा आणि १०० ला एकदा आलेख काढा. नक्षीचा सूर वेगाबरोबर वर सरकतो. हवेचा सूर जवळजवळ जागच्या जागी राहतो. माझ्या आलेखात सरकणारा सूर मोठा होता, म्हणजे दोष नक्षीचा आणि झिजेचा. टायर बदलून फायदा होणार होता.

लेबलवरचा आकडा कोणासाठी असतो?

युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारच्या टायरवर लेबल लागतं. मे २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर तीन मुख्य गोष्टी असतात. इंधन बचत ए ते ई, ओल्या रस्त्यावरची पकड ए ते ई, आणि आवाज. आवाजाला डेसिबलचा आकडा आणि ए, बी, सी असा वर्ग. लेबलवरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की युरोपियन युनियनच्या ईपीआरईएल नावाच्या डेटाबेसमध्ये त्या टायरचं पान उघडतं.

हे कळल्यावर मला वाटलं, झालं काम, सगळ्यात लहान आकडा शोधायचा. पण तो आकडा गाडीच्या आतला नसतोच! तो बाहेरचा असतो. गाडी ताशी ८० च्या वेगाने, इंजिन बंद ठेवून, ठरावीक प्रकारच्या गुळगुळीत डांबरावरून नुसती घरंगळत नेतात आणि गाडीच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने आवाज मोजतात. नियम रस्त्याकडेला राहणाऱ्या माणसासाठी केलाय, आत बसलेल्यासाठी नाही. साइडवॉल किती कडक, पोटातली हवा किती घुमते, खडबडीत रस्त्यावर काय होतं, यातलं त्या आकड्यात फारसं येत नाही.

तरी तो निरुपयोगी नाही. २१५ रुंदीच्या टायरला कायद्याची मर्यादा ७१ डेसिबल आहे. त्याच्या तीन किंवा जास्त डेसिबल खाली, म्हणजे ६८ किंवा कमी असेल तर ए वर्ग. तीन डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण तेवढ्यात आवाजाची ऊर्जा निम्मी होते. कानाला मात्र तो निम्मा वाटत नाही, कमी झाल्याचं फक्त जाणवतं. कानाला निम्मा वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. म्हणून एका डेसिबलच्या फरकासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

टायर जितका रुंद तितकी मर्यादा सैल, हेही लक्षात ठेवा. २५५ रुंदीला ती ७२ आहे आणि २७५ च्या वर ७४. एक्स्ट्रा लोड, म्हणजे 'एक्सएल' छापलेल्या टायरला आणखी एक डेसिबल सूट मिळते. त्यामुळे दोन टायरची तुलना वर्गावर नको, आकड्यावर करा, आणि आपल्याच साइझची करा. एकाच नावाच्या टायरचा आकडा साइझप्रमाणे बदलतो.

कार्टमधला टायर आणि घाटातला पाऊस

इथे माझी चूक सांगायलाच पाहिजे. जूनच्या एका शनिवारी आम्ही म्युनिकहून परत येत होतो. निघण्याआधी कॉफी पिताना मी फोनवर चार टायर कार्टमध्ये टाकले होते. आवाज ६७ डेसिबल, किंमत स्वस्त. ओल्या रस्त्यावरची पकड सी. मनात म्हटलं, सी म्हणजे मधलंच की, चालतंय.

ए८ हायवे स्टुटगार्टच्या अलीकडे श्वेबिशे आल्ब नावाच्या डोंगरातून खाली उतरतो. आपल्या खंबाटकीसारखा समजा. तिथे पाऊस आला, आणि चांगला आला. मी हळूच होतो, ऐंशीच्या आसपास. वळणानंतर समोर सगळ्या गाड्यांचे लाल दिवे. ब्रेक दाबला आणि पायाखाली एबीएस थडथडायला लागला. गाडी थांबत होती, पण मला हवी होती तिथे थांबत नव्हती. पुढच्या व्हॅनच्या मागे हातभर अंतर उरलं. बायको काही बोलली नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, "ते कार्टमधले टायर पावसात कसे आहेत?"

घरी येऊन ऑर्डर रद्द केली. लेबलची ओल्या पकडीची चाचणीही ऐंशीच्याच आसपासच्या वेगाची असते. ए आणि सी यांच्यातला फरक काही मीटरचा पडतो, आणि माझी अख्खी गाडी सव्वाचार मीटरची आहे. तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी ओली पकड ए, तिथे तडजोड नाही. मग त्या यादीत आवाज बघायचा. असे टायर मिळतात, पकड ए आणि आवाज ६८-६९. फक्त ते सगळ्यात स्वस्त नसतात.

बाकी निवड त्या मानाने लवकर झाली. मोठ्या कंपन्यांत साधारण दोन घराणी असतात. मिशलिनमध्ये पायलट स्पोर्ट आणि प्रायमसी, ब्रिजस्टोनमध्ये पोटेंझा आणि टुरान्झा. पहिलं घराणं स्पोर्टी, दुसरं लांबच्या आरामशीर प्रवासाचं. मी ट्रॅकवर जात नाही, कामावर जातो आणि सुट्टीत डोंगरात जातो, म्हणून दुसऱ्या घराण्याच्या बाजूने गेलो. स्टिअरिंगची धार थोडी बोथट होईल हे मान्य केलं. तुम्हाला ती धारच हवी असेल तर स्पोर्टी घराणं घ्या आणि आवाजाची तक्रार करू नका. मी नेमका कोणता घेतला ते मुद्दाम सांगत नाही, कारण तुमच्या साइझमध्ये आणि तुमच्या गाडीखाली तोच टायर वेगळा वागेल.

लोड आणि स्पीड इंडेक्स गाडीच्या कागदांप्रमाणेच घेतले, ८७ डब्ल्यू. ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलोचा भार, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० पर्यंत. दुकानदार एक्सएल देत होता. त्याची बाजू सहसा जास्त कडक असते, आणि या हलक्या गाडीला ती ताकद लागत नाही. गरज नसताना कशाला? १८ इंची रिमचा मोहही आवरला. रिम मोठा केला की टायरची बाजू आखूड होते, धक्के आणि आवाज दोन्ही वाढतात.

आतून फोमची पट्टी चिकटवलेले टायरही मिळतात. कॉन्टिनेंटल त्यांना कॉन्टीसायलेंट म्हणते, पिरेली पीएनसीएस. ती पट्टी पोटातल्या हवेचा घुमणारा आवाज शोषून घेते, नक्षीच्या आवाजाला तिचा फारसा उपयोग नाही. माझा त्रास नक्षीचा होता, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही. स्पेक्ट्रम काढल्याचा हा फायदा. शिवाय पंक्चर आतून काढताना तेवढा फोम कापावा लागतो, गावाकडच्या पंक्चरवाल्याला हे आधी सांगायला विसरू नका.

भारतात काय करायचं?

आपल्याकडे टायरवर डेसिबल दाखवणारं लेबल नसतं. ओली पकड, घर्षण आणि आवाज यांच्या किमान अटींची अधिसूचना केंद्र सरकारने २०२२ मध्ये काढली. एआयएस-१४२ हे त्या मानकाचं नाव. पण तो पास-नापासचा मामला आहे, त्यातून दोन टायरची तुलना होत नाही. टायरवर बीईईचे तारे दिसले तर ते इंधन बचतीचे, आवाजाचे नव्हेत. मग फोनवर ईपीआरईएल उघडा. ते सगळ्यांना खुलं आहे, युरोपात राहायला पाहिजे असं नाही. आपलं मॉडेल आणि साइझ तिथे असेल तर अंदाज येतो. फक्त अंदाजच म्हणा, कारण त्याच नावाचा टायर इथे बनताना वेगळ्या रचनेचा असू शकतो. पावसाळ्यातली पकड आपल्याकडे तर आणखी महत्त्वाची, हे कोकणात गाडी नेणाऱ्याला सांगायला नको.

आणि रस्ता लक्षात घ्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धी, दोन्ही काँक्रीटचे. काँक्रीटवर पाणी निघून जावं म्हणून आडव्या रेघा पाडलेल्या असतील तर कोणताही टायर शीळ घालतो. नवे टायर घालून पहिलीच चक्कर समृद्धीवर मारलीत तर पैसे वाया गेले असं वाटेल. तुलना जुन्याच रस्त्यावर करा.

जुलैमध्ये टायर बसवले, त्याच दिवशी अलाइनमेंटही करून घेतली, नाहीतर वर्षभरात करवतीचे दात परत आले असते. त्याच डांबरावर, ताशी १०० ला, माझ्या फोनवर ७४ च्या आसपास दिसायचं ते आता ७० च्या आसपास दिसतं. त्यातला बराचसा वाटा जुने, झिजलेले टायर गेल्याचाच असणार, सगळं श्रेय नव्यांना देता येत नाही. ताशी १३० च्या पुढे मात्र फारसा फरक नाही, तिथे वाऱ्याचाच आवाज टायरला झाकतो.

पुढच्या रविवारी त्याच रस्त्यावरून आईला फोन लावला. "हां, आज स्पष्ट येतंय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "पण ते टक-टक, टक-टक काय वाजतंय रे?"

काँक्रीटचे सांधे होते. पुढचे सात-आठ किलोमीटर तसेच जाणार होते.